सात सह्या

स्मरणिकेसाठी मंडळाच्या नोंदणीची हकीकत लिहून द्यावी, असे संपादक मंडळाने मला सांगितले तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. हळदीकुंकवाच्या आठवणी, सहलींच्या गमती, शिवणवर्गातील पहिले झबले, असे वाचण्याजोगे विषय सोडून कायद्याचे कागद कोण वाचणार? परंतु गेल्या महिन्यात मंडळाचे कपाट आवरताना नव्या सभासद भगिनींपैकी एकीने भिंतीवरच्या चौकटीतील नोंदणीपत्राकडे बोट दाखवून विचारले, “काकू, हे नसते तर काय बिघडले असते?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईना. म्हणून हा लेख. तो थोडा लांबला तर वाचक भगिनींनी सांभाळून घ्यावे.

काय बिघडले असते ते आम्ही एकदा पाहिले आहे, म्हणून त्यापासूनच आरंभ करते.

मंडळ सुरू झाले तेव्हा आम्ही अवघ्या चौदाजणी होतो. मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले खरे, पण आम्ही येथे राहायला आलो त्या काळातही स्टेशनापलीकडे शेते व गोठे दिसत. दुपारी पुरुष मंडळी गाडीने शहरात गेलेली, मुले शाळेत, आणि आम्ही कुणाच्या तरी गच्चीवर किंवा ओसरीवर. वर्गणी दरमहा एक रुपया. तीन वर्षांत दोन शिवणयंत्रे, एक बाजाची पेटी, चार सतरंज्या आणि बँकेत काही रक्कम जमली. बँकेत ‘मंडळा’च्या नावाने खाते उघडता आले नाही, कारण मंडळाचा कागद कोणता, असे बँकेने विचारले आणि कागद तर नव्हताच. मग आमच्या कोषाध्यक्षा बाईंनी आपल्या स्वतःच्या नावावर पैसे ठेवले. बाई इतक्या चोख की पैशाच्या पाकिटावरसुद्धा तारीख घालीत. एके दिवशी पहाटे हृदयविकाराने त्या गेल्या. दुःख ओसरल्यावर आम्ही पासबुक घेऊन बँकेत गेलो, तेव्हा तेथल्या गृहस्थांनी सौजन्याने सांगितले की हे पैसे कायद्याने मृत व्यक्तीचे आहेत, ते त्यांच्या वारसांना मिळतील. शिवणयंत्रेही त्यांच्याच खोलीत होती. बाईंचा मुलगा सज्जन. त्याने वारसाचे कागद करून सर्व रक्कम पै-पैशासह आणून दिली. पण त्याला सात महिने लागले, आणि ते सात महिने आमच्यापैकी कित्येकींना झोप नव्हती. मुलगा दुसऱ्या स्वभावाचा असता तर? त्याचे काही चुकले आहे, असे म्हणण्याचीही आम्हांला सोय नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ‘आमचे मंडळ’ नावाची वस्तूच जगात नव्हती.

ही वस्तू जगात आणण्याची जी युक्ती आहे तिचा इतिहास आमच्या मंडळाहून पुष्कळच जुना आहे.

बायकांनी एकत्र जमणे कायद्याच्या आधीपासून चालत आले आहे. १८५२ च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ योजला आणि सर्व जातींच्या स्त्रिया एकाच जाजमावर बसतील असे निमंत्रणातच सांगितले. आपल्या हळदीकुंकवाचे मूळ शोधू जाल तर तेथपर्यंत जाते. मुंबईत एल्फिन्स्टन शाळेतील तरुणांनी १८४८ मध्ये साहित्य व शास्त्र यांच्या अभ्यासासाठी मंडळी काढली आणि १८४९ पासून मुलींच्या शाळा चालविल्या. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. या सर्वांजवळ उत्साह होता, वर्गण्या होत्या, बाके-फळे होते. मात्र ती बाके कुणाची, हा प्रश्न कुणी विचारला असता तर ‘सर्वांची’ एवढेच उत्तर देता आले असते. आणि न्यायालयात ‘सर्वांची’ म्हणजे बहुधा कुणाचीच नव्हे.

१८६० साली हिंदुस्थान सरकारने एकविसावा कायदा केला. इंग्लंडात १८५४ मध्ये वाङ्मयीन व शास्त्रीय संस्थांसाठी असाच एक कायदा झाला होता, त्याच्या वळणावर हा बेतलेला आहे. साहित्य, शास्त्र, ललितकला, उपयुक्त ज्ञानाचा प्रसार आणि धर्मादाय कार्य यांसाठी निघालेल्या संस्थांची कायदेशीर स्थिती सुधारावी, असा हेतू त्याच्या आरंभीच सांगितला आहे. लक्षात घ्या, बंडाचा धुरळा खाली बसून दोन-तीनच वर्षे झाली होती. त्या काळच्या राज्यकर्त्यांनी लोकांनी जमू नये असा कायदा केला असता तर नवल वाटले नसते. त्यांनी लोकांनी जमावे कसे याचा कायदा केला. सगळ्याच कायद्यांबद्दल असे म्हणता येणार नाही, पण हा कायदा मला मनापासून आवडतो, कारण तो फार थोडक्यात आहे. कलमे वीस. आपल्या मंडळाची नियमावली त्याहून लांब आहे!

त्यातील पहिलेच कलम सात माणसांचे. अशा कार्यासाठी एकत्र आलेल्या कोणत्याही सात किंवा अधिक व्यक्तींनी एका विधानपत्रावर सह्या करून ते निबंधकाकडे दाखल करावे, की संस्था झाली. विधानपत्रात गोष्टी तीनच: संस्थेचे नाव, तिचे उद्देश, आणि कारभार पाहणाऱ्या मंडळींची नावे, पत्ते व व्यवसाय. सोबत नियमांची प्रत, व्यवस्थापक मंडळातील निदान तिघांनी खरी म्हणून सही केलेली. फी पन्नास रुपये, किंवा सरकार ठरवील ती त्याहून कमी रक्कम.

कायद्याने ‘सात व्यक्ती’ म्हटले, ‘सात पुरुष’ म्हटले नाही. हे वाचताना सहज डोळ्यांखालून निघून जाते, पण त्या काळाचा विचार करा. स्त्रीधन सोडले तर वारसाने हाती आलेल्या मिळकतीवर हिंदू स्त्रीला पूर्ण मालकी मिळायला १९५६ चा वारसा कायदा यावा लागला. त्याआधी मिळे ती बहुधा हयातीपुरती. म्हणजे शहाण्णव वर्षे अशी गेली की घरच्या जमिनीची ती पुरती धनीण होऊ शकत नव्हती, पण सात मैत्रिणींसह शाळेसाठी वा अनाथाश्रमासाठी संस्था काढून तिच्या नावे जमीन ठेवायला कायद्याची आडकाठी नव्हती. अर्थात सही करायला अक्षर यावे लागे आणि घराबाहेर पडावे लागे, ती अडचण कायद्याने कशी दूर करावी?

ज्यांनी ती अडचण दूर केली त्यांत पंडिता रमाबाई पहिल्या. १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. पुढे इंग्लंड व अमेरिका. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे खर्च चालविण्याचे अंगावर घेतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले, व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. सदनात कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही, असे ठरले होते. इकडे सल्ला देण्यासाठी न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशा थोर मंडळींचे सल्लागार मंडळ होते. पुढे काय झाले ते बहुतेकींना ठाऊक आहे. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्यांच्या प्रार्थनेला दार उघडे असे आणि काही मुली जाऊन बसत. त्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर, यावर शंभर वर्षे लोक लिहीत आले आहेत. मला त्यात पडायचे नाही. मंडळाची चिटणीस या नात्याने मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. पैसा बॉस्टनचा, काम रमाबाईंचे, आणि नाव व अब्रू पुण्याच्या सल्लागारांची. तिघांपैकी शेवटचा शब्द कुणाचा? सल्लागारांना सल्ला देण्यापलीकडे अधिकार नव्हता, म्हणून नापसंती झाली तेव्हा राजीनाम्याखेरीज त्यांच्या हाती काही उरले नाही. बॉस्टनच्या बायकांना पुण्यात काय चालले ते टपालाने कळणार. मुली मात्र मधल्या मध्ये. त्यांतील काही बालविधवा होत्या, त्यांना परत जायला घर म्हणजे पुन्हा तीच माजघरातली अडगळ. संस्थेच्या घटनेत एक वाक्य कमी पडले की ते असे कुणाच्या तरी आयुष्यात कमी पडते.

शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. १८९३ मध्येच तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी हे सारे जवळून पाहिलेले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी काम काढायचे ठरविले तेव्हा आधी आश्रम काढला नाही. आधी मंडळी काढली, अनाथबालिकाश्रम मंडळी. अध्यक्ष डॉ. भांडारकर, तेच, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता. या वेळी ते सल्लागार नव्हते, अध्यक्ष होते. कर्व्यांनी आपल्या शिलकीतील हजार रुपये घातले ते मंडळीत घातले, आपल्या घरात ठेवून ‘आश्रमासाठी’ म्हटले नाही. १९०० साली हिंगण्यास जागा मिळाली आणि आश्रम तेथे गेला. आधी मंडळी, मग वास्तू, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे बहुधा उलट होते. आधी हॉल हवा, मग घटना पाहू.

रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन १९०९ चे. मुंबईस मलबारी व दयाराम गिडुमल यांनी त्याच्या आदल्या वर्षी सेवासदन काढले होते. पुण्याच्या कामात रमाबाईंच्या पाठीशी गोपाळ कृष्ण देवधर उभे होते, आणि देवधर हे नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये काढलेल्या भारत सेवक समाजाचे. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आता जरा आपल्या उपनगरांकडे वळू. साष्टी बेटातील ही गावे १९२० साली वेगळा मुंबई उपनगर जिल्हा झाली. मुंबईतील भाडी परवडेनाशी झालेली मध्यमवर्गीय मंडळी इकडे सरकू लागली आणि जेथे गेली तेथे संस्था काढू लागली. पार्ल्याची टिळक विद्यालयाची शाळा १९२१ ची, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. लोकमान्यांना जाऊन तीन वर्षे झाली नव्हती तोच सेवा संघाची स्थापना झाली, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी तो चालू आहे. अंधेरी-घाटकोपरचा भाग १९५० मध्ये आणि बोरिवली-मुलुंडचा १९५७ मध्ये महानगरपालिकेत आला. नळ, दिवे, रस्ते मागायला जायचे तर कुणाच्या नावाने जायचे? बायकांची मंडळे या काळात गल्लोगल्ली निघाली. त्यांतील बरीच हळदीकुंकू, भजन आणि भिशी यांवर थांबली, आणि त्यात वावगे काही नाही. ज्यांनी बालवाडी किंवा शिवणवर्ग चालवायला घेतला त्यांना मात्र कागद लागला. १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा. स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना त्यांनी सुरू केली, आणि सरकारी पैसा द्यायचा तर तो नोंदलेल्या संस्थेलाच. आपल्या आधीच्या पिढीतील कित्येक मंडळांच्या नोंदणीपत्राचे खरे कारण शोधले तर ते असे अनुदानाच्या अर्जात सापडते. हेतू थोर आणि कारण व्यावहारिक, यात लाजण्यासारखे काय आहे?

याच सुमारास मुंबई राज्याने १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला. देवळे, धर्मशाळा, निधी यांचे हिशेब कुणी तरी पाहावेत, म्हणून धर्मादाय आयुक्त नेमले. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्था हीसुद्धा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थाच, असे या कायद्यात म्हटले आहे. म्हणून महाराष्ट्रात आपल्यासारख्या मंडळाची नोंदणी दोनदा होते, एकदा जुन्या कायद्याखाली संस्था म्हणून आणि एकदा नव्याखाली विश्वस्त व्यवस्था म्हणून. आपल्या नोंदणीपत्राच्या क्रमांकात ‘एफ’ हे अक्षर आहे ते दुसऱ्या नोंदणीचे. या कायद्याला आता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणतात. कलमे पुष्कळशी तीच.

आणि आता जिच्यामुळे हा विषय मला प्रथम कळला ती गोष्ट. पापडाची.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यात होत्या. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हाताशी ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले ते भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी एक खाट व एक शेगडी आणली. खाटेवर पापड, खाली शेगडी. तिसऱ्या वर्षापर्यंत बायका तीनशेवर गेल्या, गच्ची पुरेना, म्हणून मळलेले पीठ घरी नेऊन लाटायचे ठरले. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढून पाहिली ती मात्र चालली नाही. आपल्या उपनगराचा मान तेवढा राहून गेला! ‘लिज्जत’ हे नाव १९६२ चे. ते स्पर्धा लावून निवडले आणि सुचविणारीला पाच रुपये बक्षीस दिले.

ते ऐंशी रुपये दिले छगनलाल करमसी पारेख यांनी. सारे त्यांना छगनबापा म्हणत. हे छगनबापा भारत सेवक समाजाचे! गोखले १९१५ सालीच निवर्तले होते. त्यांच्या समाजाचा एक माणूस १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाला उभा राहतो आणि पन्नास वर्षांनी दुसरा माणूस गिरगावात पापडाला उभा राहतो. संस्था कशाला म्हणतात ते मला या दोन तारखांवरून समजले. संस्थापक जातो, पण त्याच्या नावाने कुणी पासबुक घेऊन वारसांकडे धावत नाही.

छगनबापांनी बायकांना काही गोष्टी कडकपणे सांगितल्या. त्या आधी दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्त. ते बंद करून एकच प्रत ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा, धंदा म्हणून चालवा, असे त्यांनी बजावले. दानधर्म घ्यायचा नाही, हेही त्यांतलेच. १९६२-६३ मध्ये विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. तोपर्यंत सारे विश्वासावर. मग जुलै १९६६ मध्ये लिज्जतची १८६० च्या त्याच जुन्या कायद्याखाली संस्था म्हणून नोंदणी झाली. सप्टेंबरात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, आणि खेळत्या भांडवलासाठी आठ लाख रुपये दिले.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ऐंशी रुपये शेजारच्या बाईंच्या शब्दावर देता येतात. आठ लाख सरकार शब्दावर देत नाही, मग त्या सातजणी कितीही सच्च्या असोत. जून १९६६ मध्ये ज्या बायका होत्या त्याच सप्टेंबरात होत्या, पीठही तेच, लाटणेही तेच. मधल्या काळात फक्त एक कागद झाला होता. आज चाळीस हजारांहून अधिक बहिणी त्या नावाखाली काम करतात. तेवढे सारे कागदाने केले असे मी म्हणणार नाही. हिशेबाची शिस्त सात वर्षे आधी लागली होती, म्हणून कागदाचा उपयोग झाला. ज्या मंडळाचे जमाखर्चाचे पुस्तक नाही त्याने नोंदणी करून घेणे म्हणजे घर नसताना दाराला कुलूप आणणे.

आता आमच्या नोंदणीची हकीकत. कोषाध्यक्षा बाईंच्या प्रकरणानंतर सर्वांनी ठराव केला खरा, पण सह्यांची वेळ आली तेव्हा चौदातील सात मिळेनात. कारण कायद्याचे नव्हते, भीतीचे होते. एकजण म्हणाली, “उद्या मंडळावर कुणी फिर्याद केली तर आमच्या यजमानांची खोली जप्त होईल काय?” दुसरीच्या सासूबाईंनी सरकारी कागदावर सही करायची नाही असे बजावले होते. आमच्याच वाडीतील एक वयस्क वकील होते, त्यांनी एक दुपार खर्च करून कायद्याचे पुस्तक उघडून आम्हांला समजावून दिले, आणि फी म्हणून दोन कप चहा घेतला. संस्थेच्या वतीने दावा अध्यक्षांच्या किंवा चिटणिसांच्या नावे चालतो, पण निकाल विरुद्ध गेला तरी त्याची बजावणी त्या व्यक्तीच्या मिळकतीवर होत नाही, संस्थेच्याच मिळकतीवर होते. हे आठव्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. हे ऐकल्यावर नऊजणींनी सह्या केल्या.

त्यांनी आणखीही गोष्टी दाखविल्या. सभासदाने संस्थेच्या पैशाचा अपहार केला तर ‘माझेच पैसे मी घेतले’ ही सबब चालत नाही, परक्याने चोरी केल्यासारखीच शिक्षा होते. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली त्याला मत देता येत नाही (वाचक भगिनींपैकी काहींनी हे वाक्य दोनदा वाचावे). उद्देश बदलायचे असतील तर आधी लेखी प्रस्ताव पाठवावा, सभेला दहा दिवसांची सूचना द्यावी, सभासदांची तीन पंचमांश मते पडावीत, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेच मत पुन्हा पडावे. महिन्याचे हे अंतर ज्याने घातले त्याला बायकांचा नव्हे, एकंदर माणसांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. रागाच्या भरात झालेला ठराव महिन्याने सहसा टिकत नाही. आणि संस्था बंद करायची वेळ आली तर देणी फेडून उरलेले सभासदांत वाटता येत नाही, दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यावे लागते. शिवणयंत्र विकून आलेले पैसे आपसात वाटून घ्यावेत, अशी सूचना आमच्याकडे एका पडत्या वर्षी आली होती, तेव्हा या कलमाने मोठे भांडण टाळले.

विधानपत्रात व्यवसाय लिहायचा रकाना होता. तेथे काय लिहावे यावर आमची खरी चर्चा झाली. कुणी ‘काही नाही’ सुचविले. ते मात्र आम्ही लिहिले नाही. ‘गृहिणी’ असे लिहिले, आणि शिवणवर्गाच्या बाईंनी ‘शिक्षिका’ लिहिले. उद्देशांच्या रकान्यात पहिल्या मसुद्यात ‘स्त्रियांची सर्वांगीण उन्नती’ एवढेच होते. वकिलांनी ते वाचून विचारले, “म्हणजे सोमवारी सकाळी काय करणार?” मग बालवाडी, शिवण, वाचनालय, आरोग्यविषयक व्याख्याने असे एक-एक लिहिले. पुढे आयकराच्या सवलतीचा अर्ज केला तेव्हा या नेमक्या शब्दांचा उपयोग झाला.

आज कुणाला नवी संस्था काढायची तर तिच्यापुढे तीन वाटा आहेत. मोजके विश्वस्त आणि ठरलेला निधी असेल तर विश्वस्तपत्र करून ट्रस्ट. सभासदांनी निवडणूक घेऊन चालवायचे असेल तर आपल्यासारखी संस्था. आणि मोठा पसारा असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील ना-नफा कंपनी, पूर्वी १९५६ च्या कायद्यात हे पंचविसावे कलम होते. गल्लीतल्या मंडळाला दुसरी वाट बरी असे माझे मत. ट्रस्टमध्ये विश्वस्त वर्षानुवर्षे तेच राहतात, आणि कंपनीचे कागद वर्षभर संपत नाहीत.

नोंदणी एकदा झाली की झाली, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. आमचीच चूक सांगते. नवी कार्यकारिणी निवडली की तिचा बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत द्यावा लागतो, ज्याला सारे चेंज रिपोर्ट म्हणतात. मध्यंतरी अकरा वर्षे आम्ही तो दिलाच नाही. निवडणुका होत होत्या, नारळ फुटत होते, इतिवृत्त लिहिले जात होते, पण सरकारी दप्तरी जुनीच नावे. बँकेने सह्या बदलण्यासाठी परिशिष्ट एकचा उतारा मागितला तेव्हा कळले की कागदोपत्री आमच्या कार्यकारिणीत तीन दिवंगत भगिनी आहेत. त्यांतील एक तर सभांना कधी वेळेवर येत नसे, आता कशी येणार? सारे अर्ज मागील तारखांपासून क्रमाने, उशिराच्या माफीसह करावे लागले. त्यासाठी दर वर्षीच्या सभेचे इतिवृत्त व हजेरीपट लागला. तो जपून ठेवणाऱ्या त्या वेळच्या चिटणीस ताईंचे उपकार आहेत. वरळीच्या कचेरीत आमच्या दोघी-दोघींच्या पाळ्या दोन वर्षे चालू होत्या. मुलुंडहून दादर, दादरहून बस, आणि परत मुले शाळेतून येण्याच्या आत घरी.

आता बरेचसे काम संगणकावरून होते. आपल्या नव्या चिटणीस ताईंनी या वर्षीचा बदल अर्ज वेळेत भरला आहे, हिशेबतपासनिसांचा अहवालही दाखल झाला आहे. मूळ विधानपत्र, नऊ सह्यांचे, कपाटातील वरच्या खणात निळ्या फाइलीत आहे. कुणाला पाहायचे असेल तर गुरुवारी दुपारी चार ते सहा मी मंडळात असते.